दोन चौदाला थांबलेला अलार्म

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. ठिकाण अमेरिकेतलं ओहायो राज्य, ईरी सरोवराच्या दक्षिणेचा पट्टा. वेळा तिथल्या घड्याळाच्या. भारतातलं घड्याळ त्यांच्या साडेनऊ तास पुढे होतं. तिकडे दुपार कलत होती तेव्हा इकडे पंधरा ऑगस्ट लागत होता.

त्या दिवशी अमेरिका आणि कॅनडातल्या पाच कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती, आणि दोन्ही देशांच्या संयुक्त कृतिदलाने एप्रिल २००४च्या अहवालात ती मिनिटामिनिटाने मांडली आहेत. मला त्यातला एकच धागा धरायचा आहे: एका असिंक्रोनस प्रोग्रामचं काम झालं की नाही, हे कुणी कशावरून ठरवलं. मोबाइल ॲपच्या टेस्ट लिहिणाऱ्यांसमोर रोज हाच प्रश्न असतो. बटण दाबलं, सर्व्हरकडे विनंती गेली, उत्तर दुसऱ्या थ्रेडवर कधीतरी येणार, डेटाबेसमध्ये नोंद होणार, मग पडदा बदलणार. टेस्टने नेमकं कधी बघायचं? सर्वांत सोपं उत्तर म्हणजे मध्ये एक स्लीप टाकायचा: दोन सेकंद थांब, मग बघ. ही ओळ जिथे तिथे सापडते आणि मला ती धोकादायक वाटते, कारण दोन सेकंदांत काम उरकलेलं असेल हा तिच्या पोटातला अंदाज कुणी कधी तपासलेला नसतो.

दुपारी १२.१५

पहिली गडबड वीजकंपनीत झालीच नाही. इंडियाना राज्यातल्या कार्मेल इथून ‘मिसो’ ही संस्था अनेक राज्यांच्या वीजजाळ्यावर देखरेख ठेवत होती. तिच्याकडचा एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी असंख्य मोजमापं गोळा करून जाळ्याचं चित्र जुळवायचा आणि त्यावरून पुढचा धोका काढायचा. त्या दुपारी एका बंद पडलेल्या लाइनची खबर त्याला मिळाली नव्हती, त्यामुळे चित्र जुळेना. विश्लेषकाने दर पाच मिनिटांची आपोआप फेरी बंद केली, दोष शोधला, हाताने प्रोग्राम चालवला. एकच्या सुमारास उत्तर बरोबर आलं. मग तो जेवायला गेला. आपोआप फेरी पुन्हा सुरू करायची राहून गेली, आणि हे लक्षात यायला २.४० वाजले.

टेस्टसंचात अशा गोष्टी अगदी सहज होतात. कधी हिरवी, कधी लाल होणारी टेस्ट ‘तात्पुरती’ बंद केली जाते, मूळ दोष सापडतोही, पण टेस्ट परत सुरू होत नाही. लाल दिसलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. बंद टेस्टबद्दल कुणी विचारत नाही.

दुपारी १.३१

सरोवराकाठच्या ईस्टलेक वीजकेंद्रातला पाच नंबरचा संच बंद पडला. ५९७ मेगावॅट गेले. क्लीव्हलंड आणि ॲक्रन परिसराला आता बाहेरून जास्त वीज आणावी लागणार होती. उकाडा होता, पण ऑगस्टमध्ये असतो तेवढाच. जाळं अजून सुरक्षित होतं.

दुपारी २.०२

दक्षिण ओहायोतली स्टुअर्ट–अटलांटा ही ३४५ किलोव्होल्टची लाइन झाडाला लागून बंद झाली. क्लीव्हलंडला तिने थेट काही झालं नाही. पण मिसोच्या प्रोग्रामला ही खबरही पोचली नाही, आणि फेरी पुन्हा सुरू केल्यावरही त्याचं चित्र जुळेना. तो पूर्णपणे ताळ्यावर आला ४.०४ वाजता.

दुपारी २.१४

इथे थोडं थांबायला हवं.

फर्स्टएनर्जी ही ॲक्रनची वीजकंपनी. तिच्या नियंत्रण कक्षात जीई कंपनीची एक्सए/२१ ही संगणकप्रणाली होती. लाइन बंद पडली, व्होल्टेज घसरलं, भार मर्यादेबाहेर गेला की ती अलार्म देणार: आवाज, पडद्यावर खूण, नोंदवहीत ओळ. ऑपरेटरचा सगळा दिवस या अलार्मच्या भरवशावर चालतो. हजारो आकडे डोळ्यांत तेल घालून सतत वाचत बसणं माणसाला शक्य नसतं.

२.१४ला शेवटचा खरा अलार्म आला. त्यानंतर अलार्मचा प्रोग्राम अडकला. आत दोन प्रक्रिया एकाच माहितीसाठ्यात लिहू पाहत होत्या. एक लिहीत असताना दुसरीने थांबायला हवं होतं. कोडमधल्या चुकीमुळे दोघींनाही एकाच क्षणी लिहिण्याची मुभा मिळाली. साठा बिघडला आणि प्रोग्राम एका न संपणाऱ्या लूपमध्ये गरगरत राहिला. आपण याला रेस कंडिशन म्हणतो. कोड सी आणि सी++ भाषांतला, जवळपास दहा लाख ओळींचा. ही चूक घडायला दोन्ही प्रक्रियांची गाठ काही मिलिसेकंदांच्या फटीत पडावी लागत होती. वेगवेगळ्या ठिकाणी मिळून ही प्रणाली तोवर तीस लाखांहून अधिक तास चालली होती आणि एकदाही ती गाठ पडली नव्हती.

तीस लाख तास. रेस कंडिशनसमोर नुसतं ‘चालवून बघणं’ किती दुबळं आहे, हे यापेक्षा स्पष्ट सांगणारा आकडा मला माहीत नाही. दोन सेकंद स्लीप टाकलेली टेस्ट हजार वेळा हिरवी झाली तरी तिने बहुतेक एकच क्रम हजार वेळा पाहिलेला असतो: आधी हे उत्तर, मग ते, मग पडदा. दुसरं उत्तर पहिल्याच्या आधी आलं तर काय, हे तिने विचारलेलंच नसतं. आपल्या यंत्रावर, आपल्या वायफायवर जो क्रम सवयीने पडतो तोच स्लीप निवडतो आणि बाकीचे झाकून टाकतो.

आणि प्रोग्राम कोसळला नव्हता. कोसळला असता तर पडद्यावर काहीतरी दिसलं असतं. तो जिवंत होता, फक्त काही बोलत नव्हता. आपण मुका झालो आहोत हे सांगणारा अलार्म त्या प्रणालीत नव्हता. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी शांततेचा अर्थ नेहमीसारखाच लावला. वर्षानुवर्षं तोच अर्थ बरोबर ठरत आला होता; त्यांना दोष देणं मला जमत नाही.

आपल्याकडे या मुकेपणाचं एक रूप फार पसरलेलं आहे. ‘मिळालेलं नाव बरोबर आहे का’ ही तपासणी टेस्टमध्ये कॉलबॅकच्या आत लिहिलेली असते. टेस्टचं फंक्शन कॉलबॅकची वाट न बघताच संपतं. कॉलबॅक कधी आलाच नाही, तर तपासणीही झाली नाही. तपासणी झाली नाही म्हणून ती फसलीही नाही. निकाल हिरवा. ॲपलच्या एक्ससीटेस्टमध्ये २०१४ साली ‘एक्स्पेक्टेशन’ आलं ते नेमकं यासाठी. टेस्ट आधीच जाहीर करते की अमुक घडायलाच हवं. कॉलबॅकने ते घडल्याची खूण करायची. ठरलेल्या मुदतीत खूण आली नाही तर टेस्ट फेल. न बोलणं हे तिथे अपयश धरलं जातं.

दुपारी २.२७ ते २.३२

स्टार–साऊथ कँटन ही ३४५ किलोव्होल्टची लाइन क्षणभर बंद होऊन परत जोडली गेली. तिचं दुसरं टोक एईपी या शेजारच्या कंपनीकडे. तिथून २.३२ला फोन आला: तुमच्याकडे काही दिसतंय का? फर्स्टएनर्जीच्या पडद्यावर अलार्म नव्हता. बाहेरून आलेली खरी बातमी आतल्या शांततेपुढे फिकी पडली.

दुपारी २.४१

अलार्म ज्या सर्व्हरवर होता तो मुख्य सर्व्हर बंद पडला. प्रक्रिया न झालेल्या घटना मागे साचत गेल्या होत्या. अशा वेळी जे व्हायला हवं तेच झालं: सगळं काम आपोआप राखीव सर्व्हरवर गेलं आणि आयटी विभागाच्या लोकांना पेजरवर निरोप गेला.

दुपारी २.५४

तेरा मिनिटांनी राखीव सर्व्हरही पडला. कारण अडकलेला अलार्म प्रोग्राम जसाच्या तसा, अडकलेल्या अवस्थेतच, तिकडे हलवला गेला होता.

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारा सीआय सर्व्हर आता सगळीकडे असतो. तीनदा चालव, एकदा पास झाली की पुढे जा. यातून निकाल तेवढा बदलतो. जी गाठ पहिल्या फेरीत पडली होती ती कोडमध्ये तशीच असते, आणि दुसऱ्या फेरीत ती न पडल्याचा आनंद मानून आपण तिला वापरणाऱ्याच्या फोनपर्यंत पाठवतो. कधी हिरवी कधी लाल होणारी टेस्ट ही माझ्या मते टेस्टसंचातली सर्वांत मौल्यवान टेस्ट असते. तिने काहीतरी पाहिलेलं असतं.

सर्व्हर बिघडल्याचा आणखी एक परिणाम झाला. एरवी एक ते तीन सेकंदांत ताजा होणारा पडदा आता ५९ सेकंदांपर्यंत वेळ घेऊ लागला. ‘तीन सेकंदांत दिसतंच’ या सवयीवर ज्याचं काम चाललं होतं, त्याला आता मिनिटापूर्वीचं जग दिसत होतं.

ठरावीक विलंबाची अडचण अगदी हीच आहे. आपल्या टेबलावरच्या यंत्रावर दोन सेकंद पुरतात. रात्री सीआयच्या यंत्रावर चार एम्युलेटर एकदम चालू असतात, तिथे पुरत नाहीत. मग कुणीतरी दोनाचे पाच करतं. समजा अशा चारशे टेस्ट असतील, तर नुसत्या झोपेतच तेहतीस मिनिटं जातात, आणि पाच सेकंदही पुरतील याची खात्री नाहीच. कुकर लावल्यावर आपण शिट्टी ऐकतो. डाळ जुनी की नवी, आच मंद की मोठी, यावर मिनिटं बदलतात हे स्वयंपाक करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. टेस्टनेही खुणेची वाट बघावी. मुदत जरूर ठेवावी, पण ती वरची मर्यादा म्हणून: खूण दहा मिलिसेकंदांत आली तर दहा मिलिसेकंदांतच पुढे जावं, मुदतीत आलीच नाही तर स्पष्टपणे फेल व्हावं. मुदत आणि स्लीप यांत लोक गल्लत करतात. दोन्हींत सेकंद लिहिलेले असतात खरे, पण मुदत संपली की काहीतरी बिघडल्याचं कळतं, आणि स्लीप संपला की काहीच कळत नाही.

दुपारी ३.०५

हार्डिंग–चेंबरलिन लाइन, ३४५ किलोव्होल्ट. तिच्यावर क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के भार होता. तारा तापल्या की झोळ पडतो; झोळ नेहमीएवढाच होता, पण खालचं झाड छाटलेलं नव्हतं. लाइन गेली. अलार्म नाही.

दुपारी ३.०८

आयटीच्या लोकांनी सर्व्हर पुन्हा सुरू करून दिले. वॉर्म रीबूट झाला, सर्व्हर चालू दिसले. अलार्म बंद आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण कक्षातही कुणाला ते ठाऊक नव्हतं. आणि आता अलार्म येताहेत का, हे त्यांनीही कक्षात विचारलं नाही.

या मिनिटाचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. माणसं हजर होती, कामाला लागलेली होती, आणि त्यांनी तपासलंही. फक्त तपासलं ते चुकीच्या जागी. ‘सर्व्हर चालू आहे का’ याचं उत्तर हो होतं. ‘लाइन तुटली तर समोरच्या माणसाला कळतं का’ हे कुणी विचारलं नाही. तीन मिनिटांपूर्वीच एक लाइन तुटली होती.

स्लीप काढून खुणेची वाट बघायला सुरुवात केली की पुढचा प्रश्न हाच येतो: कोणती खूण? अँड्रॉइडवरची एस्प्रेसो ही टेस्ट-लायब्ररी स्वतःहून मुख्य थ्रेडची रांग रिकामी होईपर्यंत थांबते. पण आपण पार्श्वभूमीत, आयओ डिस्पॅचरवर सोडलेल्या कामाची तिला गंधवार्ता नसते. ते ‘आयडलिंग रिसोर्स’ म्हणून आपणच नोंदवावं लागतं. तेवढं करूनही तिला कळतं ते इतकंच की आता सगळं स्वस्थ आहे. अडकलेलं कामही बाहेरून कधीकधी स्वस्थच दिसतं. म्हणून शेवटची तपासणी वापरणाऱ्याला जे दिसायला हवं त्यावरच हवी: पैसे पाठवल्याची पावती, यादीतली नवी ओळ, चूक झाली असेल तर चुकीचा मजकूर. गोल फिरणारं चक्र नाहीसं झालं एवढ्यावर थांबलेली टेस्ट ३.०८च्या त्या रीबूटपाशीच थांबलेली असते.

दुपारी ३.३२

हॅना–जुनिपर लाइन. भार ८८ टक्के. झाड.

दुपारी ३.४१

स्टार–साऊथ कँटन, मघाशी फोन आला होता तीच. ९३ टक्के. पुन्हा झाड. तीन मोठ्या लाइन गेल्या आणि त्यांचा भार १३८ किलोव्होल्टच्या धाकट्या लाइनवर येऊन पडला.

दुपारी ३.४२

नियंत्रण कक्षातून आयटी विभागाला पहिल्यांदाच सांगण्यात आलं की अलार्म नीट चालत नाहीत. शेवटच्या अलार्मला अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली होती. संपूर्ण प्रणाली बंद करून नव्याने सुरू करायची का, यावर बोलणं झालं. तेवढ्या वेळात उरलंसुरलं दिसणंही जाईल, म्हणून नको असं ठरलं.

कक्षातले फोन वाजत होते. शेजारच्या कंपन्या, वीजकेंद्रं, मोठे ग्राहक, सगळे व्होल्टेजबद्दल विचारत होते. एक उपाय अजून हातात होता, आणि महाराष्ट्रातल्या कुणालाही तो समजावून सांगायला नको: भारनियमन. क्लीव्हलंड–ॲक्रन भागातला १५०० मेगावॅट भार मुद्दाम तोडला असता तर पुढचं टळलं असतं, असं कृतिदलाचं म्हणणं आहे. पण स्वतःच्या हाताने काही लाख लोकांची वीज तोडायला समोर चित्र लागतं. ते २.१४ला गोठलं होतं.

दुपारी ३.३९ ते ४.०८

ॲक्रनच्या आसपास १३८ किलोव्होल्टच्या सोळा लाइन एकामागून एक गेल्या.

दुपारी ४.०५, सेकंद ५७

सॅमिस–स्टार. ही झाडाने गेली नाही. भार इतका चढला आणि व्होल्टेज इतकं घसरलं की संरक्षक रिलेने ती स्वतःच तोडली. इथून पुढे थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. मिसोचा प्रोग्राम ताळ्यावर येऊन दोन मिनिटंही झाली नव्हती.

दुपारी ४.१० ते ४.१३

ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनियाचा काही भाग, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, व्हर्मॉंट, आणि सरहद्दीपलीकडे ऑंटारिओ. २६५ वीजकेंद्रांमधले ५०८हून अधिक संच बंद झाले. ६१,८०० मेगावॅट भार गेला. न्यू यॉर्कमध्ये भुयारी गाड्या बोगद्यांत उभ्या राहिल्या आणि माणसं पूल ओलांडून पायी घरी निघाली. अमेरिकेच्या काही भागांत वीज यायला चार दिवस लागले. ऑंटारिओत आठवड्याहून जास्त काळ आलटून पालटून वीज बंद ठेवावी लागली. एकट्या अमेरिकेचं नुकसान ४ ते १० अब्ज डॉलर धरलं गेलं.

झाडं छाटली असती, मिसोची फेरी चालू असती, कक्षातल्या माणसांना अशा प्रसंगाचं शिक्षण असतं, तर एवढ्या एका सॉफ्टवेअरच्या चुकीने हे झालं नसतं. हे म्हणायलाच हवं. पण अलार्म वाजत असते तर बाकीच्या सगळ्या चुका दुरुस्त करायला तास-दीड तास हातात होता, हेही तितकंच खरं.

आठ आठवड्यांनंतर

नेमकी चूक सापडायला सुमारे आठ आठवडे लागले. जीईची माणसं फर्स्टएनर्जीच्या लोकांना आणि बाहेरच्या सल्लागारांना बरोबर घेऊन लाखो ओळींचा कोड आणि त्या दुपारच्या नोंदी चाळत बसली होती. शेवटी ती पकडली कशी, ते मला फार महत्त्वाचं वाटतं: त्यांनी कोडमध्ये मुद्दाम विलंब घातले आणि अलार्मच्या घटना आत सोडत राहिले. मिलिसेकंदांची फट हाताने ताणून रुंद केली. तीस लाख तासांत न पडलेली गाठ प्रयोगशाळेत घडवून आणली.

म्हणजे विलंब इथेही आहे, पण त्याचं काम उलटं आहे. टेस्टमधला स्लीप म्हणतो, सगळं आपापलं उरकू दे, मग मी बघेन. या विलंबाने ठरवलं की कोण आधी जाणार आणि कोण अडणार. असिंक्रोनस कोडची टेस्ट क्रम आपल्या हातात घेते तेव्हाच ती काही सांगू शकते. यासाठी आता हत्यारं आहेत. कोटलिनमध्ये ‘रनटेस्ट’ आहे, त्यात घड्याळच आभासी असतं: दहा मिनिटांचा डीले क्षणात सरतो, आणि घड्याळ किती पुढे न्यायचं हे टेस्ट ठरवते. फ्लटरमध्ये ‘फेक असिंक’, आरएक्सजावात ‘टेस्ट शेड्युलर’ हेच करतात. अट एकच: आपल्या कोडने डिस्पॅचर आणि घड्याळ बाहेरून स्वीकारायला हवं. आतच कुठेतरी आयओ डिस्पॅचर पक्का लिहून ठेवला असेल तर आभासी घड्याळाला तिथे शिरता येत नाही, आणि मग माणसं पुन्हा स्लीपकडे वळतात.

पण एक्सए/२१ची चूक आभासी घड्याळाने सापडली नसती, कारण त्या घड्याळाखाली सगळी कामं सहसा एकाच थ्रेडवर ओळीने चालतात. तिला खरे दोन लेखक हवेत. पहिल्याला लिहिताना अर्ध्यावर एका दाराशी अडवायचं. कोटलिनमध्ये ‘कंप्लीटेबल डिफर्ड’, जावात ‘काउंटडाउन लॅच’ हे दार होऊ शकतं. मग दुसऱ्याला आत सोडायचं आणि तो खरोखर थांबतो का ते बघायचं. दार उघडायचं, आणि दोघांच्याही नोंदी शाबूत आहेत का ते मोजायचं. या टेस्टमध्ये सेकंदांचा अंदाज कुठेच लागत नाही. एक्सकोडमधला ‘थ्रेड सॅनिटायझर’ आणि कोटलिनसाठीचं ‘लिनचेक’ अशा गाठी स्वतः हुडकतात. ते चालवायला वेळ लागतो, म्हणून रात्रीच्या बिल्डला लावावेत.

आणखी एक टेस्ट आहे, आणि तिला आता उत्तर अमेरिकेतल्या वीजनियमांचाच आधार आहे: अलार्म प्रणाली बंद पडली तर ते ऑपरेटरला कळवणारी पहारा-व्यवस्था तिथे आता सक्तीची आहे. ॲपमध्येही हे करता येतं. पार्श्वभूमीत सिंक करणारं काम दर पाच सेकंदांनी ‘मी चालू आहे’ असं सांगत असेल, तर टेस्टमध्ये ते सांगणं बंद करायचं, आभासी घड्याळ तीस सेकंद पुढे न्यायचं, आणि पडद्यावर ‘माहिती जुनी आहे, संपर्क तुटला आहे’ ही ओळ आली का ते बघायचं. आली नसेल तर बिल्ड लाल.